किती आणि कुठे

केंद्र सरकारच्या हिशेबात प्रत्येक खर्चाला शेवटी एक दोन अंकी क्रमांक मिळतो. पगाराला ०१, कार्यालयीन खर्चाला १३, शस्त्रं आणि दारूगोळ्याला २२. याच यादीत ४१ क्रमांकावर वर्षानुवर्षं एक नोंद होती: गुप्त सेवा खर्च. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. गुपित ठेवायचं आणि त्याला क्रमांकही द्यायचा! मग नियम वाचले, तेव्हा त्यातली शिस्त लक्षात आली. या शीर्षाखाली किती रक्कम दिली ते लिहायचं. ती कशावर गेली याच्या पावत्या मात्र नेहमीच्या लेखापरीक्षकांपुढे जात नाहीत. एक नेमून दिलेला वरिष्ठ अधिकारी वर्षातून एकदा तपासणी करतो आणि प्रमाणपत्र देतो, की एवढी रक्कम खर्च झाली आणि ती सार्वजनिक हितासाठी झाली. बाकीच्यांनी त्या कागदावर विश्वास ठेवायचा.

या वाटेला मी गेलो तो एका काकांमुळे. वडिलांचे चुलतभाऊ, माडबनच्या बाजूचे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी आमच्या राजापूर तालुक्यातल्या माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या भागातली मिळून ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली, त्यात त्यांचीही गेली. अनेकांसारखा त्यांनीही बरीच वर्षं मोबदल्याचा चेक घेतला नव्हता. १८ एप्रिल २०११ला नाटे इथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार तरुण गेला, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे इंजिनीयर झालो, पुण्याला नोकरी लागली, आणि एका मे महिन्यात घरी आलेलो असताना काकांनी ओटीवर बसून विचारलं, "तू कंप्युटरवाला ना? मग सांग, ह्या खात्याचा पैसा जातो कुठे? वीज करतात की बॉम्ब करतात?"

मी शहाण्यासारखं समजावलं. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या आहेत, बाहेरून आणलेल्या भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख असते, त्यामुळे इथे बॉम्बचा संबंध नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दुसरीकडे आहे. मग तो कुठच्या पानावर आहे?"

एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं. दीड वर्षं गेलं.

अर्थसंकल्पाची कागदपत्रं सगळ्यांसाठी इंटरनेटवर आहेत. जुनी वर्षंसुद्धा आहेत. पीडीएफमधले तक्ते उपसणं हे आमच्या धंद्यातलं हलकं आणि कटकटीचं काम, पण एकदा स्क्रिप्ट जमली की वर्षामागून वर्ष बाहेर पडतं. मग ओळीसमोर ओळ लावून बघायचं: कुठली ओळ अचानक फुगली, कुठली नाहीशी झाली, बेरीज कुठे जुळत नाही.

इथे कोणी रोमांचक शोधाची वाट बघत असेल तर आधीच सांगतो, बॉम्बची ओळ सापडली नाही. ती नाहीच. अणुऊर्जा खात्याच्या मागणीत भाभा अणुसंशोधन केंद्राची तरतूद दिसते. संशोधन ३४०१ या मुख्य शीर्षाखाली, त्याचा भांडवली खर्च ५४०१ खाली. तुर्भ्याच्या या केंद्रात १९६०मध्ये सायरस आणि १९८५मध्ये ध्रुव या संशोधन-भट्ट्या सुरू झाल्या. १८ मे १९७४च्या पोखरण चाचणीसाठी लागलेलं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. त्याच केंद्रात भाताच्या आणि भुईमुगाच्या सुधारित जाती तयार होतात, कर्करोगाच्या उपचारासाठी लागणाऱ्या समस्थानिकांवर काम होतं. वहीत हे सगळं संशोधन. भुईमूग आणि प्लुटोनियम एकाच बेरजेत. यात खोटी नोंद एकही नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कुणीही खोटं लिहिलेलं नाही; फक्त जिथे दोन ओळी करता आल्या असत्या तिथे एक केली आहे.

२००६मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारासाठी भारतानं नागरी आणि लष्करी सुविधांची फारकत जाहीर केली. चालू आणि बांधकामातल्या २२ वीज-भट्ट्यांपैकी १४ नागरी म्हणून देखरेखीखाली यायच्या होत्या. म्हणजे कुठली इमारत कुठल्या बाजूची हे आपण परदेशाला लेखी सांगितलं. खर्चाची तशी फारकत आपल्याच लोकांसाठी केली गेल्याचं मला वहीत कुठे दिसलं नाही.

अरिहंत पाणबुडीचं आणखी वेगळं. या प्रकल्पाचं नावच मुळी 'प्रगत तंत्रज्ञान नौका', म्हणजे ऐकणाऱ्याला काहीही कळू नये असं. २६ जुलै २००९ला विशाखापट्टणमला पंतप्रधानांच्या उपस्थितीत ती पाण्यात उतरली, तोवर सरकार त्याबद्दल फारसं उघड बोलत नव्हतं. तिचा खर्च शोधायचा तर तीन घरं धुंडाळावी लागतात: नौदल, संरक्षण संशोधन, अणुऊर्जा. प्रत्येक घरात तिचा वाटा दुसऱ्या कशात तरी मिसळलेला. एका घराच्या वहीत बघणाऱ्याला काहीच वावगं दिसणार नाही.

गुप्तहेर खात्यांचं तर गमतीचं आहे. इंटेलिजन्स ब्युरोची तरतूद गृह मंत्रालयाच्या पोलिसांच्या मागणीत नावानिशी छापलेली असते. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ती चार हजार कोटींच्या आत-बाहेर होती. रॉ या नावाची ओळ मात्र कुठेही नाही. देशाच्या आत कान लावणाऱ्यांचा आकडा उघड आणि बाहेर कान लावणाऱ्यांचा झाकलेला. मला हे उलटं असायला हवं होतं असं वाटत नाही, पण पहिल्याचा आकडा छापून देशाचं काय बिघडलं, हे विचारायला हवं.

एकदा मला वाटलं, सापडलं. स्क्रिप्टनं २०७९ या शीर्षावर लाल खूण केली. हजारो कोटींच्या उलाढालीची ओळ एका वर्षात ओस पडली होती. रात्री दोन वाजले होते. मी मित्रांना मेसेज टाइप करायला घेतला, त्यात 'गायब' हा शब्द दोनदा होता. सकाळी शुद्धीवर येऊन बघितलं, तर २०७९ म्हणजे आयुध निर्माणी, आणि १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या, ही वर्तमानपत्रात आलेली बातमी. अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, खडकी, देहूरोड, सगळ्यांनी वाचलेली. पैसा लपला नव्हता. दुसऱ्या वहीत गेला होता. तसंच २०१७-१८चं. त्या वर्षापासून योजना आणि योजनेतर हा भेदच काढून टाकला गेला, त्यामुळे अर्ध्या ओळी आधीच्या वर्षाशी जुळेनात. मला मात्र प्रत्येक सांध्यात कट दिसत होता.

या चुकीचा मी बराच विचार केला. हिशेब तपासणारा माणूस स्वतःला प्रामाणिक समजतो, कारण तो आकडे बघतो. पण जे लपवलेलं आहे असं आधीच ठरवून बघितलं, की न सापडणं हासुद्धा पुरावा होतो. 'किती बेमालूम लपवलंय बघा!' आमच्या क्षेत्रात बग सापडला की आधी स्वतःच्या कोडवर संशय घ्यायचा असतो. सरकारच्या बाबतीत ही शिस्त मी सोडून दिली होती, आणि त्यात एक प्रकारची मजाही येत होती. ती मजा मला आजही थोडी लाजिरवाणी वाटते.

तरी कधीकधी साधी वजाबाकी खरोखर काहीतरी सांगते. २३ सप्टेंबर २०१६ला ३६ राफेल विमानांचा करार झाला, ७.८७ अब्ज युरोंचा, म्हणजे साधारण ५८-५९ हजार कोटींचा. त्याच नोव्हेंबरमध्ये संरक्षण राज्यमंत्री, आपल्या धुळ्याचे खासदार सुभाष भामरे, यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की एका विमानाची किंमत साधारण ६७० कोटी, सोबतची उपकरणं आणि शस्त्रं धरून नव्हे. ३६ गुणिले ६७०, २४,१२० कोटी. म्हणजे उरलेले चौतीस-पस्तीस हजार कोटी शस्त्रं, सुटे भाग, देखभाल आणि भारतासाठी केलेले बदल यांचे. पुढे सरकारनं किमतीचा तपशील देणं सुरक्षेच्या कारणानं थांबवलं. फेब्रुवारी २०१९मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, त्यात किमतींच्या जागी अक्षरं होती आणि निष्कर्ष होता, की आधीच्या प्रस्तावापेक्षा हा सौदा २.८६ टक्क्यांनी स्वस्त. कशाच्या २.८६ टक्के ते सांगायचं नाही, पण दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत सांगायचं. शाळेत असं उत्तर लिहिलं असतं तर गुरुजींनी 'रीत दाखवा' म्हणून वही परत केली असती.

आता मूळ प्रश्न. ही वजाबाकी करायचा मला हक्क आहे का? सगळे आकडे सरकारनंच छापलेले. मी काही चोरलं नाही. पण सुटे निरुपद्रवी कागद एकत्र ठेवले की त्यातून गुपित तयार होऊ शकतं, आणि ते तयार करणारा मी असतो. नॉर्वेत निल्स पेटर ग्लेडिच आणि न्यूझीलंडचा ओवेन विल्क्स या दोघा संशोधकांनी टेलिफोन डिरेक्टरीसारख्या उघड्या साधनांवरून आपल्या देशातली विद्युत-टेहळणीची ठिकाणं हुडकून १९७९मध्ये अहवाल काढला. त्यांना शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती १९८२मध्ये कायम केली. आपल्याकडचा १९२३चा शासकीय गुपितांचा कायदाही देशविघातक हेतूनं माहिती मिळवण्याबरोबर ती गोळा करण्याचा वेगळा उल्लेख करतो. म्हणजे गोळा करणं ही स्वतंत्र कृती आहे, हे कायद्याला माझ्याआधी शंभर वर्षं कळलेलं होतं.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतला रिचर्डसन. पेनसिल्व्हेनियातला हा करदाता एवढंच म्हणत होता, की राज्यघटना सगळ्या सार्वजनिक पैशाचा हिशेब प्रसिद्ध करायला सांगते, मग सीआयएचा खर्च कुठे आहे? जून १९७४मध्ये, आपल्या पोखरणनंतर सव्वा महिन्यानं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की हा दावा आणायचा अधिकारच तुम्हाला नाही. तक्रार सगळ्यांचीच आहे, म्हणून ती कुणा एकाची नाही. मला हा युक्तिवाद अजून पचलेला नाही. पुढे २००७पासून त्याच देशानं राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यक्रमाची एकूण रक्कम जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ४३.५ अब्ज डॉलर. त्यामुळे त्यांचे गुप्तहेर उघडे पडल्याचं कुणी दाखवून दिलेलं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे घटनेचं ११४वं कलम सांगतं, की कायद्यानं मंजुरी दिल्याशिवाय भारताच्या संचित निधीतून पैसा काढता येत नाही. मंजुरी द्यायची तर काय मंजूर करतोय ते माहीत हवं. २०१८ साली मात्र लोकसभेनं सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर केल्या. ज्या वहीतली झाकलेली पानं मी दीड वर्षं शोधत होतो, तिची उघडी पानंही त्या वर्षी सभागृहात कुणी उलटली नाहीत.

या सगळ्यात मला सगळ्यात उपयोगी शब्द सापडला तो आपल्याच जुन्या दप्तरात. पेशवाईच्या अखेरीस गावाच्या खर्चात 'दरबार खर्च' किंवा 'अंतस्थ' अशी एक बाब असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९च्या अहवालात तिची कुळकथा दिली आहे. आधी ही रक्कम गुपचूप गोळा व्हायची, कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना लाच द्यायला. हळूहळू ती लाच ठरलेली फी झाली आणि इतर खर्चासारखी हिशेबात तपासलीही जाऊ लागली. पण लाच तर लागतेच, म्हणून तिच्यासाठी वेगळी, नवी वसुली सुरू झाली. आणि अशा नाजूक बाबींत तपासणारे खोलात जात नसल्यामुळे पाटील वरच्यांसाठी लागेल त्याहून जास्त गोळा करून फरक स्वतःकडे ठेवी.

ही गोष्ट मी अनेकदा वाचली. सैन्याच्या गुपिताची लाचेशी बरोबरी मला करायची नाही. पण झाकलेल्या ओळीचं पुढे काय होतं ते इथे दिसतं. ओळ झाकण्यामागे काही कारण असतं, आणि मग त्या झाकणाखाली कारण नसलेल्या गोष्टी जाऊन बसतात, कारण तिथे कुणी हात घालत नाही. पाटलानं काही नवं शोधून काढलं नव्हतं. त्याला फक्त कळलं होतं, की तपासणारा कुठे बघत नाही.

राजापूरच्या माणसाला याचा दुसरा दाखला घराजवळच मिळतो. १६६०मध्ये इथल्या इंग्रज वखारीतले हेन्री रेव्हिंग्टन आणि मंडळी सिद्दी जौहरच्या बाजूनं पन्हाळ्याच्या वेढ्यात तोफ आणि दारूगोळा घेऊन गेली, आपला झेंडा फडकावत. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं आणि वखारवाले कैदेत गेले. त्यांनी सुरतेला पत्रं धाडली तेव्हा वरिष्ठांनी कळवलं, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्याला गोळे टाकायला गेलात म्हणून आत आहात. व्यापाराच्या वखारीतून युद्ध चाललं, मालकांनी कानावर हात ठेवले, आणि तरी १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन राजापूरच्या नुकसानभरपाईची बोलणी करायला आलाच. १० हजार होन ठरले. आपण त्यांना गोळ्यांचा जाब विचारतो आहोत तो त्यांच्याच पत्रव्यवहाराच्या आधारे. त्यांनी तेव्हा तो जपून ठेवला नसता तर आज कुणाला काय कळलं असतं?

एवढं झाल्यावर मी स्वतःपुरती एक रेघ आखली. 'किती' हा माझा प्रश्न, कारण पैसा माझा. 'कुठे' आणि 'कसं' हा माझा प्रश्न नाही, कारण तिथे माणसं उभी आहेत. ही रेघ मला एका वर्गमित्रामुळे सुचली. तो एका सरकारी प्रयोगशाळेत आहे, कुठल्या ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी भांडवली खर्चाच्या ओळींना सरकारी निविदांची जोड द्यायला लागलो होतो. निविदेत दरवाजाची उंची असते, क्रेनची क्षमता असते, विजेचा भार असतो. एका आठवड्यात माझ्या नकाशावर एक टिंब पडलं. मी ते त्याला दाखवलं, कौतुकाच्या अपेक्षेनं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टेंडरमध्ये क्रेनची क्षमता लिहावीच लागते रे, नाहीतर ठेकेदार येणार कसा? आम्ही काय करायचं?" दादापुता करून त्यानं मला ते टाकू नकोस असं सांगितलं नाही. एवढंच बोलला. टिंब बरोबर होतं की चूक, तेही सांगितलं नाही. मी ती फाइल पुसून टाकली. जे मला जमलं ते पगारी हेरांना कधीच जमलं असेल, हे मला ठाऊक होतं. तरी पुसली.

रेघ बरी होती. ती टिकली नाही, आणि ती मोडायला चळ्ळकेरे पुरेसं होतं. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या या तालुक्यात अमृतमहल कावल म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली गवताळ राने होती. तिथली सुमारे १० हजार एकर जमीन संरक्षण संशोधन, भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो आणि भारतीय विज्ञान संस्था अशांना दिली गेली. तिथल्या मेंढपाळांना ते कळलं चराईच्या वाटेवर भिंती उठायला लागल्या तेव्हा. प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं. त्या मेंढपाळाला 'किती'मध्ये काय रस? त्याचा एकच प्रश्न 'कुठे', आणि माझ्या रेघेनुसार तो त्यानं विचारायचा नाही. पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला 'कुठे' सोडून देणं परवडतं. त्याची बकरी त्या भिंतीला अडत नाही.

मग 'कुठे' हा प्रश्न तिथे राहणाऱ्यांचा आहे आणि माझा नाही, असं म्हणावं? मनाला तेच पटतं. पण एकदा गावाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं. गावापुरतं गुपित असं काही नसतं. कुणाला तरी किंमत मोजावी लागणार. आजवर ती ज्याच्या अंगणात भिंत उठते त्याच्याकडून, त्याला न विचारता घेतली गेली, एवढं तरी मान्य करायला हवं.

गेल्या शिमग्याला मी काकांसाठी कागद छापून नेले. अणुऊर्जा खात्याचा तक्ता, मोठ्या अक्षरात, भाभा केंद्राच्या ओळीवर पिवळी खूण. सांगितलं, बॉम्ब असला तर यात कुठेतरी आहे, पण वेगळा काढता येत नाही. त्यांनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवलं. बॉम्बबद्दल काही बोलले नाहीत. आत जाऊन स्वतःची पिशवी घेऊन आले. तिच्यात भूसंपादनाच्या वेळच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या, घड्यांवर फाटलेल्या. त्यात त्यांच्या जमिनीचा बराचसा भाग पडीक लावलेला होता.

"तुझी वही बघितली," काका म्हणाले. "आता ह्यात बघ. माझी हापूसची कलमं कुठे आहेत?"

मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.